टोपीकरांचे ताट

गणेशगुडी हे नाव कानी पडताच परगावचा मनुष्य एखादे मोठे देवस्थान डोळ्यांपुढे आणील. कानडीत 'गुडी' म्हणजे देऊळ. तेव्हा त्यात त्याची चूक नाही. परंतु आज या गावाची ओळख देवापेक्षा धरणाने अधिक होते. काळी नदीवरील सुप्याच्या धरणाची १०१ मीटर उंचीची भिंत गावाजवळच उभी आहे. तिच्या पाण्याखाली जुने सुपे गाव निजले आहे आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले आहे. नदी व अरण्य पाहावयास येणाऱ्या प्रवाशांसाठी रस्त्याच्या कडेने खाणावळी व विश्रामगृहे झाली आहेत. अशाच एका खाणावळीच्या फळ्यावर गेल्या हिवाळ्यात 'इंग्लिश न्याहारी' अशी अक्षरे मला दिसली. कुतूहलाने मी ती मागविली. अंड्याची पोळी, भाजलेला पाव, टोमॅटोच्या चकत्या, तांबड्या रसातला घेवडा आणि चहा असा थाट पुढे आला. ज्या डुकराच्या मांसावाचून खुद्द इंग्रज या न्याहारीस न्याहारी म्हणणार नाही, ते मात्र ताटात नव्हते. आणि मला ते नको होते हे सांगावयास नकोच. मालकास विचारले, तेव्हा तो हसून कोंकणीत म्हणाला, "तांकां नांव जाय आसता, आमी नांव दितांव."

शेजारच्या बाकावर चहा घेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ हे ऐकत होते. ते म्हणाले, "इंग्रजांचें जेवण म्हळ्यार गोरवांचें मांस. हें कसलें इंग्रजांचें?"

त्या गृहस्थांचे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. इंग्रज म्हटला की गोमांस, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की त्याचा उगम शोधावा असे कोणास वाटत नाही. ते कोणी मांडले, त्यात खरे किती, आणि त्यापायी आपल्या लोकांनी काय काय सोसले, याचा विचार करण्यास गणेशगुडीहून अधिक योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. कारण जी काळी नदी या खाणावळीच्या मागून वाहते, तिच्याच मुखाशी इंग्रजांची या जिल्ह्याशी गाठ पडली.

ती गाठ पडली मिरीमुळे. सोंद्याच्या मिरीची कीर्ती विलायतेस पोहोचली आणि इ. स. १६३८ मध्ये सर विल्यम कोर्टीन याच्या व्यापारी मंडळाने कारवारास वखार घातली. त्या वेळचे कारवार म्हणजे आजचे शहर नव्हे. जुने कारवार आजच्या शहराच्या पूर्वेस सुमारे तीन मैलांवर, नदीच्या काठी होते. पुढे ही वखार ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. घाटावरून मिरी, वेलदोडे आणि हुबळीकडील तलम मलमल उतरे व जहाजांत चढे. शिवछत्रपतींनी १६६५ साली कारवारच्या इंग्रजांकडून खंडणी घेतली. १६७४ साली गाव जाळला, पण वखारीस हात लावला नाही. राजकारणाच्या अशा तडाख्यांतून ती वखार निभावली. मात्र १६८४ साली तिच्यावर जे संकट आले, ते ना खंडणीचे होते ना लढाईचे. एका लहान इंग्रज जहाजावरील खलाशांनी किनाऱ्यावरची एक गाय चोरली आणि मारली. एवढ्यावरून लोक असे खवळले की इंग्रजांना कारवारातून कायमचे बाहेर पडावे लागते की काय, अशी वेळ आली. मोठ्या सैन्यांनी जे केले नाही, ते एका गाईने करून दाखविले असते.

याहून भयंकर हकीकत याच जिल्ह्यातील भटकळची आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या कप्तानाने आपल्या १७२७ साली छापलेल्या प्रवासग्रंथात ती दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे १६७० साली एका जहाजाच्या कप्तानाने भटकळच्या वखारीच्या मुख्यास विलायतेहून आणलेला एक बुलडॉग कुत्रा भेट दिला. वखारीतील अठरा इंग्रज शिकारीस निघाले असता त्या कुत्र्याने वाटेत देवास सोडलेली एक गाय धरून मारली. देवळाचे लोक व गावकरी धावून आले आणि त्यांनी अठराही जणांची हत्या केली. काही स्नेही गावकऱ्यांनीच मग एक खड्डा खणून सर्वांना मूठमाती दिली. कारवारच्या मुख्याने पाठविलेल्या दगडावर जॉन बेस्ट व त्याचे सतरा सोबती माथेफिरू पुजाऱ्यांच्या व जमावाच्या क्रोधास बळी पडले, अशा अर्थाचा लेख कोरला होता, असेही तो लिहितो. हॅमिल्टनच्या निरीक्षणांचा काळ त्याच्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १६८८ ते १७२३ असा दिला आहे. तेव्हा ही गोष्ट त्याने ऐकून लिहिली, पाहून नव्हे. तपशिलाबद्दल म्हणूनच संशय ठेवावा. पण गोष्ट ज्या रीतीने सांगितली गेली, ती रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्रजाच्या लेखी आपण 'माथेफिरू' झालो आणि आपल्या लेखी तो 'गोमारू' झाला. दोन्ही पक्षांनी एकमेकांचे चित्र एकाच दिवशी रेखाटले, आणि ती दोन्ही चित्रे पुढे अडीचशे वर्षे भिंतीवरून उतरली नाहीत.

आता प्रश्न असा की गोमांस हे इंग्रजाचे खरोखर रोजचे अन्न होते काय? येथे आपणांस समुद्र ओलांडून त्याच्या घरी डोकावले पाहिजे.

प्रथमच सांगावयाचे म्हणजे, इंग्रजाला 'गोमांस खाणारा' ठरविण्यात आपला वाटा फारच थोडा आहे. हे बिरुद त्याने स्वतः मिरविले आणि त्याच्या शेजाऱ्याने, म्हणजे फ्रेंचाने, ते त्याला चिकटविले. लंडनच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्यांना 'बीफईटर' म्हणजे गोमांसखाऊ म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. १७१२ साली जॉन आर्बथनॉट याने इंग्रज राष्ट्राचे व्यंगरूप म्हणून 'जॉन बुल' हे पात्र निर्माण केले; बुल म्हणजे बैल, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. १७३१ साली हेन्री फील्डिंग याने एका नाटकासाठी भाजलेल्या गोमांसाचे गुणगान करणारे एक पद रचले. पूर्वीचे इंग्रज गोमांस खाऊन शूर होते आणि आताचे फ्रेंच पद्धतीचे रस्से खाऊन नेभळे झाले, असा त्याचा आशय होता. हे पद इतके लोकप्रिय झाले की नाटकगृहांत प्रेक्षक ते स्वतःच म्हणू लागले. पुढे १७४८ साली विल्यम हॉगार्थ हा चित्रकार फ्रान्समधील कॅले बंदरात रेखाटन करीत असता हेर समजून पकडला गेला. सुटून घरी येताच त्याने सूड म्हणून एक चित्र काढले. मध्यभागी इंग्रज खाणावळीसाठी नेला जाणारा गोमांसाचा प्रचंड तुकडा. भोवती चिपाडासारखे वाळलेले फ्रेंच शिपाई डोळे फाडून पाहत आहेत. आणि एक लठ्ठ पाद्री त्या मांसास बोट लावून पाहत आहे. फ्रेंचांनीही उट्टे फेडले. ते आजही थट्टेने इंग्रजास 'रोस्बिफ' म्हणतात, आणि इंग्रज त्यांना 'बेडूक' म्हणतो. दोन शेजारी एकमेकांस ताटावरून हिणवितात, ही रीत काही एकट्या हिंदुस्थानची नव्हे.

भटकळच्या गोष्टीतील त्या कुत्र्याचेही मूळ येथेच सापडते. खुंटास बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा एक क्रूर खेळ इंग्लंडात शेकडो वर्षे चालत असे. असा छळलेला बैल मारला तर त्याचे मांस मऊ होते, अशी खाटकांची समजूत होती. त्या खेळासाठी जोपासलेली कुत्र्याची जात म्हणजे बुलडॉग. १८३५ साली पार्लमेंटने कायद्याने हा खेळ बंद केला. पण ज्या प्राण्याला बैलाच्या नाकास धरून लोंबकळण्यासाठीच वाढविले होते, तोच पुढे इंग्रजाच्या चिकाटीचे राष्ट्रीय प्रतीक झाला.

हे झाले बिरुद. ताटात काय होते? १७४८ साली इंग्लंडात आलेला पेर कॅल्म हा स्वीडिश विद्वान लिहितो की भाजलेले मांस आणि पुडिंग यांपलीकडे इंग्रजांची पाककला फारशी जात नाही. पण त्याचा वावर बरी परिस्थिती असलेल्या लोकांत होता. खेड्यातील मजुराची स्थिती समजून घ्यावयाची, तर बर्कशर परगण्यातील बार्कम गावचा पाद्री डेव्हिड डेव्हिस याचा १७९५ चा ग्रंथ पाहावा. त्याने आपल्या गावच्या मजुरांच्या घरखर्चाचे हिशेब मांडले आहेत. त्यात मुख्य अन्न पाव, सोबत थोडे डुकराचे मांस, क्वचित चीज, आणि पेय म्हणून चहा. गरिबांनी चहाची चैन का करावी असा आक्षेप कोणी घेतला, तेव्हा या सज्जनाने बजावले की दूध त्यांना मिळत नाही आणि बिअर परवडत नाही. उकळते पाणी आणि चिमूटभर चहाची पूड हाच त्यांचा शेवटचा आसरा आहे. गोमांसाचे गुणगान करणाऱ्या राष्ट्रातील बहुसंख्य लोक ते कधी रविवारी, कधी नाताळास चाखीत. यॉर्कशर पुडिंग नावाचा जो पदार्थ आज इंग्रजी जेवणाचा अलंकार समजला जातो, त्याचे मूळ कामही हेच सांगते. पीठ, अंडी व दूध यांचे ते भाजलेले घारगे मांसाच्या आधी रसात बुडवून वाढीत. हेतू हा की पोट आधीच भरावे आणि महाग मांस थोडक्यात आटोपावे. आपल्याकडील सुगृहिणी आधी भात वाढते आणि मग मागाहून दुर्मीळ पदार्थाचे भांडे बाहेर काढते, त्याचीच ही विलायती आवृत्ती होय.

मग कारवारच्या खलाशांना गाय का चोरावीशी वाटली? त्याचे उत्तर जहाजावर आहे. त्या काळी इंग्रज आरमारातील माणसास दररोज एक पौंड कडक बिस्किट आणि एक गॅलन बिअर मिळे. मांस मिळे ते पिंपात मिठात मुरविलेले. व्यापारी जहाजावरचे खाणे याहून चांगले असण्याचे कारण नव्हते. महिनेच्या महिने असे खाऊन किनाऱ्यास लागलेल्या माणसास ताज्या मांसाची वखवख सुटणे समजू शकते. त्यांचे कृत्य चोरीचे व घोर होते यात शंका नाही. परंतु तेथील लोकांनी ज्यांना पाहिले, ते इंग्रज राष्ट्र नव्हते. ते भुकेले खलाशी होते.

आपल्याकडील एका मुत्सद्द्याने मात्र ताटाकडे न पाहता इंग्रजाकडे पाहिले. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यात टोपीकरांविषयी जो इशारा आहे, तो आपल्या भाषेतील राष्ट्रस्वभावाच्या वर्णनाचा एक उत्तम नमुना आहे. हे इतर सावकारांसारखे निव्वळ व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत. आरमार, तोफ आणि दारूगोळा हे यांचे बळ. ही जात हट्टी आहे, हाती आलेली जागा मेले तरी सोडावयाची नाही. म्हणून यांना समुद्राकाठी किंवा खाडीजवळ घर बांधू देऊ नये, असा त्याचा भावार्थ. हाही एक ठोकळेबाज साचाच आहे, हे मान्य. पण तो आरमारावरून बनविला आहे, आहारावरून नव्हे. म्हणूनच तो पुढे इतका खरा ठरला.

अमात्यांचा हा शहाणपणा पुढील शतकात आपल्या लोकांस उरला नाही. त्याविषयी लिहिण्यापूर्वी एका गमतीच्या प्रकरणाकडे वळतो. ते या जिल्ह्याच्या इतिहासात कोणी नोंदविलेले मला आढळले नाही.

हिंदुस्थानातील इंग्रज एकमेकांसही खाण्यावरून नावे ठेवीत. बंगालच्या इंग्रजास 'क्वाय-हाय' म्हणत. नोकरास सारखी 'कोई है' अशी हाक मारण्याच्या सवयीवरून हे नाव पडले. मद्रास इलाख्यातील इंग्रज तो 'मल्'. तमिळ 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्याचे पाणी, याचा इंग्रजांनी 'मलिगटॉनी' असा अपभ्रंश केला आणि त्यात मांस घालून त्याचे सूप बनविले. त्याचाच हा तुकडा. आणि मुंबई इलाख्यातील इंग्रज तो 'डक'. हे नाव आपल्या सुक्या बोंबलावरून आले. बोंबलास इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणतात. आगगाडीच्या डाकेतून बोंबलांचा वास येई म्हणून 'बॉम्बे डाक' हे नाव पडले, अशी एक गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. ती साफ खोटी आहे. मुंबईस आगगाडी १८५३ साली आली; आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या १८०३ सालच्या लेखनातच मुंबईकर 'डक' लोकांचा चेष्टेने उल्लेख आला आहे. पुढे १८१९ साली हाच एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होऊन सर्व बोंबीलवाल्यांचा मुख्य झाला, हा दैवाचा विनोद होय. ही सारी नावे युल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात जागच्या जागी मिळतात.

आता पाहा. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये कानडा प्रांत मद्रास इलाख्यात गेला. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. म्हणजे कारवारच्या कचेरीत बसलेला जो इंग्रज अधिकारी काल रात्री 'मिरीवाला' म्हणून निजला, तो आज सकाळी 'बोंबीलवाला' म्हणून उठला. त्याच्या ताटात काही बदलले नव्हते. केवळ सरहद्दीची रेघ हलली होती. १९५६ साली ती रेघ पुन्हा हलली आणि जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा नावे ठेवावयास इंग्रज उरला नव्हता.

आणि त्याचे स्वतःचे 'पारंपरिक' अन्न तरी त्याचे किती? आपल्या खिचडीतील डाळ काढून टाकून तीत धुरी दिलेला मासा आणि उकडलेले अंडे घातले की त्याची 'केजरी' होते. ती तो न्याहारीस खातो. १८३७ साली बाजारात आलेल्या त्याच्या नामांकित वुस्टर सॉसमध्ये आपली चिंच आहे. चहा मूळचा चिनी, बटाटा व टोमॅटो अमेरिकेतले. गणेशगुडीच्या ताटात मला दिसलेला तांबडा घेवडा हाइन्झ या अमेरिकन कंपनीने १८८६ साली लंडनच्या एका उंची दुकानात आणून विकला. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तर 'चिकन टिक्का मसाला' हाच ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात सांगितले.

यातील एका पदार्थापाशी मात्र आपल्या समाजाने थोडे थांबावे. तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी हे इंग्लंडातील सामान्य माणसाचे सर्वांत आवडते खाणे. तो पिठात बुडवून तेलात तळलेला मासा इंग्लंडात नेला कोणी? अभ्यासक म्हणतात, स्पेन व पोर्तुगाल येथून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या ज्यू लोकांनी. त्यांच्या पवित्र शनिवारी चूल पेटवावयाची नाही, म्हणून ते आदल्या दिवशी मासा तळून ठेवीत. ज्या इन्क्विझिशनने त्यांना देशोधडीस लावले, तिचीच एक शाखा १५६० साली गोव्यात स्थापन झाली आणि १८१२ पर्यंत टिकली. आपले पूर्वज देवाची मूर्ती पाटीत घालून रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात गेले, कोणी कारवार-अंकोल्याकडे, कोणी आणखी दक्षिणेस उतरले, त्यामागे तोच छळ होता. एकाच वणव्यातून पळालेल्यांपैकी काहींनी देव वाचविले, काहींनी माशाची पाककृती. आणि तिला पुढे जगाने इंग्रजाचे राष्ट्रीय अन्न म्हटले.

आता एकोणिसाव्या शतकाकडे. इंग्रज राज्यकर्ता झाला, तसा त्याच्या ताटाचा अर्थ पालटला. सतराव्या शतकात जे पाप होते, ते आता सामर्थ्याचे गूढ वाटू लागले. मुंबईस १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून नव्या सभासदास ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्त होती. १८६० साली तिचे कागद चोरीस जाऊन सभासदांची नावे फुटली, आणि सभा मोडली. पोर्तुगीजांनी आणलेला तो गोव्याचा साधा पाव, पण तो खाल्ल्याच्या भीतीने भले भले विद्वान घरात तोंड लपवून बसले. पुण्यात ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे फिरली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी उपस्थित होती. काहींनी पेला केवळ हाती घेऊन खाली ठेवला म्हणतात. गोपाळराव जोशी यांनी नावे वर्तमानपत्रात छापविली आणि ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले; १८९२ मध्ये प्रायश्चित्ते झाली. चहा चिनी रोपाचा, बिस्किट गव्हाचे; गोमांसाचा त्यात संबंधही नव्हता. परंतु ताट टोपीकराचे, एवढे पुरे झाले.

याच सुमारास राजकोटच्या एका विद्यार्थ्यास त्याचा मित्र पटवीत होता की इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो. गुजराती कवी नर्मद याचे तशा आशयाचे एक पद शाळकरी मुलांच्या तोंडी होते. त्या विद्यार्थ्याने नदीकाठी लपून बकऱ्याचे मांस आणि पाव खाल्ला आणि रात्रभर त्याला पोटात बकरी ओरडत असल्याचा भास झाला. पुढे १८८८ साली तो लंडनास गेला. तेथे फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले, आणि हेन्री सॉल्ट नावाच्या इंग्रजाचे शाकाहारावरील पुस्तकही. इंग्लंडात शाकाहारी संस्था १८४७ पासून होती. ज्या राष्ट्राचे बळ गोमांसात आहे असे त्याला शिकविले होते, त्याच राष्ट्रातील लोकांनी त्याचा शाकाहार पक्का केला. हा विद्यार्थी कोण, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

आपल्या जिल्ह्याचाही या कथेत वाटा आहे. होन्नावरास १८५५ साली जन्मलेले नारायण गणेश चंदावरकर १८८५ मध्ये इंग्लंडास जाऊन आले. पुढे ते राष्ट्रसभेचे अध्यक्ष आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. विलायतेहून परतलेल्याने तेथे काय खाल्ले, कोणाच्या हातचे खाल्ले, त्याला प्रायश्चित्त द्यावे की वाळीत टाकावे, आणि त्याच्या पंक्तीस बसलेल्यांचे काय करावे, हे वाद सारस्वत समाजात पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिले. त्यात घरे फुटली, सोयरिकी मोडल्या. ज्या मुलास शिक्षणासाठी कर्ज काढून पाठविले, त्यालाच उंबऱ्याबाहेर बसवून जेवू घालण्याचे प्रसंग आले.

आणि ज्यांनी हा निवाडा केला, त्यांच्यावर स्वतः कोणता निवाडा चालू होता? मत्स्याहारामुळे सारस्वतांना षट्कर्मांचा अधिकार नाही, ते 'त्रिकर्मी' होत, असे इतर ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. पंक्तीतून उठविले जाण्याचा अपमान आपल्या पणजोबांनी पचविला आहे. त्या वेळी आपण काय उत्तर देत होतो? सोमवारी आमच्या घरी मासा शिजत नाही. पर्वकाळी, व्रतात तो वर्ज्य. देवाच्या नैवेद्यात नाही, स्वामींच्या भिक्षेत नाही. तुम्ही एक दिवसाचे ताट पाहून आमच्या सगळ्या धर्माचा निकाल लावता. हे उत्तर अगदी रास्त होते. फक्त तेच उत्तर बार्कमचा मजूर आपल्या पाव-चहाकडे बोट दाखवून देऊ शकला असता, हे आपल्या लक्षात आले नाही. आणि त्याला आपल्या भाषेत ते सांगावयास कोणी नव्हते.

कारवारची वखार १७२० मध्ये सोंदेकरांच्या वैरामुळे उठली, तीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली आणि १७५२ साली पोर्तुगीजांनी सदाशिवगड घेतल्यावर इंग्रजांना आपला माणूस परत बोलवावा लागला. मिरीचा वेल मात्र कोठे गेला नाही. आपल्या श्राद्धाच्या स्वयंपाकात अद्याप मिरची चालत नाही. ती पोर्तुगीजांबरोबर आलेली परकी. तिखटासाठी मिरीच लागते.

गणेशगुडीच्या त्या ताटातील अंड्याच्या पोळीवर काळी पूड भुरभुरलेली होती. उठताना मालकास विचारले, ही मिरी बाजारातली काय? तो म्हणाला, नव्हे, परसातल्या पोफळीवर वेल चढविला आहे, त्याची. ती फळ्यावर लिहिण्याचे त्याच्या मनात आले नव्हते.